घोडा की घोडी: ‘द बॅलड ऑफ ग्रेगोरिओ कोर्तेझ’ची जडणघडण

आपल्याकडे घोडा वेगळा आणि घोडी वेगळी. गावात कोणी विचारलं, ‘घोडा दिलास का रे बदल्यात?’ आणि दिली असेल घोडी, तर ‘नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही. स्पॅनिशमध्येही तसंच आहे. घोडा म्हणजे काबायो आणि घोडी म्हणजे येग्वा. जनावरांत वाढलेला माणूस या दोन शब्दांची गल्लत करत नाही. इंग्रजीत मात्र ‘हॉर्स’ म्हटलं की दोन्ही आले. आपल्याकडे निदान ‘घोडं’ तरी आहे, नर की मादी हे न सांगता वेळ मारून नेणारं. १९०१ साली टेक्सासमधल्या एका शेताच्या फाटकापाशी असा एखादा तिसरा शब्द कोणाला सुचला असता, तर तीन माणसं वाचली असती आणि एक चांगला चित्रपट झाला नसता.

हा चित्रपट म्हणजे रॉबर्ट एम. यंग यांनी दिग्दर्शित केलेला ‘द बॅलड ऑफ ग्रेगोरिओ कोर्तेझ’. तो १९८२ साली आधी टीव्हीवर आला आणि मग चित्रपटगृहात. स्टुडिओबाहेर, थोड्या पैशांत बनलेला हा वेस्टर्न, म्हणजे घोडे-पिस्तुलांचा अमेरिकी चित्रपट, खऱ्या गुन्ह्यावर आधारलेला आहे. खऱ्या गुन्ह्यावर पटकथा लिहायला घेतलेल्यांशी बोलताना मी हे प्रकरण हमखास काढतो. त्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यातली कोणाची बाजू खरी धरायची?’ तो प्रश्न मला दुय्यम वाटतो. प्रेक्षकाला खरं कधी कळू द्यायचं आणि ते कोणाच्या तोंडून, हे एकदा ठरलं की बाकीची पटकथा त्यामागे येते. या चित्रपटाच्या मंडळींनी ते फार लवकर ठरवलं असावं, कारण त्यांचे पैशांपासून उपशीर्षकांपर्यंतचे बहुतेक निर्णय त्याच एका गोष्टीकडे बोट दाखवतात.

फाटकापाशी काय झालं

१२ जून १९०१. कार्न्स काउंटीचा शेरीफ ब्रॅक मॉरिस एका घोडेचोराच्या शोधात निघाला होता. चोराचं वर्णन काय, तर मेक्सिकन आणि डोक्याला मोठी, रुंद काठाची टोपी. त्या भागातल्या निम्म्या पुरुषांना हे वर्णन लागू पडलं असतं. मॉरिसला स्पॅनिश येत नव्हतं, म्हणून दुभाषी म्हणून बून चोएट नावाचा डेप्युटी बरोबर होता. चोएटला स्पॅनिश येतं असा त्याच्या बरोबरच्यांचा समज होता. बहुधा त्याचा स्वतःचाही होता.

चौकशी करत ते आंद्रेस व्हियारेआलकडे पोचले. त्याच्याकडे नुकतीच एक घोडी आली होती, ग्रेगोरिओ कोर्तेझकडून अदलाबदलीत. ग्रेगोरिओ आणि त्याचा भाऊ रोमाल्दो जवळच्याच थुलेमेयर रँचवर खंडाने शेती करत होते. ग्रेगोरिओचं वय पंचविशीचं, लग्न झालेलं, पदरी मुलं. शेरीफची गाडी तिकडे वळली.

रोमाल्दो पुढे झाला. शेरीफला ग्रेगोरिओशी बोलायचं आहे हे कळल्यावर त्याने भावाला हाक दिली: ‘ते क्येरेन.’ शब्दशः ‘तू त्यांना हवा आहेस.’ बोलीत याचा अर्थ इतकाच की, ‘अरे, तुला बोलावलंय.’ चोएटच्या कानाला मात्र तो पोलिसी ‘हवा’ वाटला, फरारी इसमाच्या भित्तिपत्रकावर छापतात तसला. म्हणजे भावानेच कबुली दिली की हा पाहिजे असलेला गुन्हेगार आहे.

मग तो प्रश्न आला. चोएटने विचारलं, काबायो बदललास का? ग्रेगोरिओ म्हणाला, नाही. त्याने येग्वा बदलली होती. पण शेरीफपर्यंत पोचलं ते एवढंच की, घोडी डोळ्यांनी पाहून आलोय आणि हा माणूस तोंडावर नाकारतोय. मॉरिसने अटक करत असल्याचं सांगितलं. ग्रेगोरिओच्या उत्तराचा अर्थ होता, ‘मला उगाच, काही कारण नसताना अटक करता येणार नाही.’ त्यात ‘नादा’ हा शब्द होता, म्हणजे ‘काही नाही’. चोएटने ऐकलं ‘नादिए’, म्हणजे ‘कोणी नाही’. मला अटक करणारा कोणी जन्माला आलेला नाही, असा त्याचा सूर झाला. एका अक्षराने कुळाचं मवाली करून टाकलं.

मॉरिसने पिस्तूल काढलं. गोळी रोमाल्दोला लागली. ग्रेगोरिओने मॉरिसला मारलं. चोएट पळाला.

पुढचे दहा दिवस टेक्सासने बरीच वर्षं चघळले. ग्रेगोरिओ आधी पायी निघाला आणि गोंझालेस काउंटीत बेलमाँटजवळ रोब्लेदो कुटुंबाच्या घरी लपला. तिथे रात्री गोंझालेसचा शेरीफ रॉबर्ट ग्लोव्हर माणसं घेऊन चालून आला. अंधारातल्या गोळीबारात ग्लोव्हर मेला आणि त्याच्याबरोबर आलेला हेन्री श्नाबेलही. श्नाबेलला लागलेली गोळी त्याच्याच बाजूची असावी, असं मानायला जागा आहे. तिथून ग्रेगोरिओ सटकला तो थेट लारेदोच्या, म्हणजे मेक्सिकोच्या सीमेच्या दिशेने. पायी १०० मैलांहून अधिक आणि जनावरावर ४०० मैलांहून अधिक. खाली घोड्याच होत्या, एक थकली की दुसरी. मागे कधी कधी ३०० माणसांपर्यंतचा जमाव, टेक्सास रेंजर्स हे राज्याचे सशस्त्र पोलीस, ताजी जनावरं भरून पुढे धावणाऱ्या आगगाड्या. वर्तमानपत्रांनी तर ‘कोर्तेझची टोळी’ उभी केली, कारण एकटा माणूस इतक्यांना चुकवतो हे कोणाला पटेना. त्याची आई, बायको, मुलं तुरुंगात टाकली गेली. २२ जूनला, त्याच्या सव्विसाव्या वाढदिवशी, एका मेंढवाड्यावर तो सापडला. त्याची खबर देणारा हेसूस गोंझालेस ऊर्फ ‘एल तेको’ हा मेक्सिकनच होता. इनाम १००० डॉलरांचं होतं.

गाण्यापासून पुस्तकापर्यंत

अशा माणसावर गाणं होणारच. सीमेवर त्याला कोरिदो म्हणतात, आपल्या पोवाड्याच्या जवळचा प्रकार. गिटारवर एकटादुकटा गातो, ऐकणाऱ्याला गोष्ट आधीच ठाऊक असते आणि तरी तो ऐकतो. कोर्तेझचा कोरिदो तो तुरुंगात असतानाच फिरू लागला होता. गाण्यांतून आणि सांगोवांगीतून त्याची आख्यायिका फुगत गेली. एका कथनात तर त्याला माफी मिळवून देते ती प्रेसिडेंट लिंकनची मुलगी! लिंकन जाऊन तेव्हा जवळजवळ अर्धं शतक लोटलं होतं आणि त्याला मुलगी नव्हतीच. पण लोककथेला एवढ्याने अडत नाही. खरी माफी दिली गव्हर्नर ऑस्कर कॉलक्विट यांनी, १९१३ साली, तीही अटी घालून.

या सगळ्यातून खरं काय आणि गाण्यातलं काय हे निवडायला ब्राऊन्सव्हिलचा एक माणूस बसला. अमेरिको पारेदेस हे त्याच सीमेवर वाढलेले, पत्रकारिता करून पुढे टेक्सास विद्यापीठात लोकसाहित्याचे अभ्यासक झालेले. ‘विथ हिज पिस्टल इन हिज हँड’ हे त्यांचं पुस्तक १९५८ साली आलं. त्यात आख्यायिका वेगळी, माणूस वेगळा आणि कोरिदोचे पाठभेद वेगळे, अशी उकल आहे. काबायो-येग्वाचा घोटाळा नीट मांडला गेला तो त्यातच. टेक्सास रेंजर्सना देव्हाऱ्यात बसवायच्या काळात त्याच राज्याच्या विद्यापीठाच्या छापखान्यातून हे पुस्तक निघालं, ही त्यातली गंमत.

खऱ्या गुन्ह्यावर काम करणाऱ्याने इथे थोडं थांबावं. १९०१ ची घटना कोणाच्या मालकीची नाही. खटल्यांची कागदपत्रं, वर्तमानपत्रं, कोरिदो सगळं मोकळं. अमेरिकी कायद्यात मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, त्यामुळे मॉरिस, ग्लोव्हर, चोएट ही नावं जशीच्या तशी वापरायला अडचण नव्हती. मग पुस्तकाचा आधार घ्यायचा कशाला? कारण पारेदेस यांनी नुसती माहिती गोळा केली नव्हती, तिचा अर्थ लावला होता. कोणता शब्द कुठे घसरला हे दाखवणारी ती मांडणी हाच चित्रपटाचा कणा होणार होता. चित्रपटाने पुस्तकाचं ऋण श्रेयनामावलीत उघड मान्य केलं. ‘आम्ही जुनी वर्तमानपत्रं वाचून केलं’ असं म्हणत दुसऱ्याची वीस वर्षांची मेहनत ढापणारे सगळीकडे असतात. ते इथे झालं नाही.

पैसा

इथेच घोडं पेंड खातं. १९८० साली वेस्टर्न हा शब्द निर्मात्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. त्या नोव्हेंबरात ‘हेवन्स गेट’ लागला आणि आठवड्याभरात परत घेण्यात आला. तोही सरहद्दीवरच्या खऱ्या रक्तपातावरचा, वायोमिंगमधल्या १८९२ च्या जॉन्सन काउंटी प्रकरणावर बेतलेला. खर्च चार-साडेचार कोटी डॉलरांच्या घरात गेला होता. पुढच्याच वर्षी युनायटेड आर्टिस्ट्स कंपनी विकली गेली. त्या वातावरणात मेक्सिकन नायक, मारले जाणारे गोरे शेरीफ आणि निम्मे संवाद स्पॅनिशमध्ये, असं बाड घेऊन स्टुडिओच्या दारात जाणं म्हणजे अपमान मागून घेणंच.

मोक्तेसुमा एस्पार्झा त्या दारात फारसे रेंगाळले नाहीत. १९६८ साली पूर्व लॉस एंजेलिसमधल्या शाळांतून मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी बाहेर पडले, त्या आंदोलनात खटला अंगावर घेतलेल्यांपैकी ते एक. पुढे त्यांनी माहितीपट केले आणि एकाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. कोर्तेझच्या वेळी पाठीशी होती नॅशनल कौन्सिल ऑफ ला राझा ही मेक्सिकन-अमेरिकन संघटना. पैसा आला नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी निधीकडून आणि सार्वजनिक टीव्हीवरच्या ‘अमेरिकन प्लेहाउस’ या नव्या मालिकेकडून.

दुसरे निर्माते मायकल हाउसमन यांना ही वाट नवी नव्हती. १९७९ चा ‘हार्टलँड’ हा १९१० च्या वायोमिंगमधला छोटा, थंडगार वेस्टर्न त्यांनी याच निधीच्या पैशावर काढला होता. घोडे, जुने कपडे, आगगाडी अशा गोष्टी तुटपुंज्या पैशांत पडद्यावर कशा आणायच्या, हे त्यांना हात पोळून कळलेलं होतं.

अशा अनुदानाचं एक अंग आपल्याकडे कमी बोललं जातं. तिकीटबारी पैसे देते तेव्हा ती विचारते, नायक आवडेल का? मानव्यविद्यांचा निधी पैसे देतो तेव्हा विचारतो, हे खरं आहे का आणि तज्ज्ञांना दाखवलंत का? पहिला प्रश्न पटकथेला गोड करायला लावतो आणि दुसरा तिला कोरडी करतो. कोर्तेझची पटकथा कोरडी आहे. ते मला गुण वाटतो, पण तो कुठून आला हे विसरता येत नाही. तिकिटं विकून फेडायचा पैसा असता तर उपशीर्षकांचा निर्णय, जो पुढे येतो, पहिल्याच बैठकीत उडाला असता.

आधी काय, नंतर काय

पटकथेवर नावं दोन आहेत, कादंबरीकार व्हिक्टर व्हियासेन्योर आणि स्वतः यंग. यंग मूळचे माहितीपटवाले. मेक्सिकोतून चोरून येणाऱ्या शेतमजुरावरचा त्यांचा ‘आलांब्रिस्ता!’ १९७८ साली कान महोत्सवात पहिल्यांदाच दिल्या गेलेल्या, पदार्पणाच्या चित्रपटासाठीच्या कॅमेरा द’ओर पुरस्काराचा मानकरी ठरला होता. १९८१ च्या जूनमध्ये युटाच्या डोंगरात सन्डान्स इन्स्टिट्यूट या स्वतंत्र चित्रपटांना हात देणाऱ्या संस्थेची पहिली कार्यशाळा भरली. तिथे पुढे नावारूपाला आलेल्या काही प्रकल्पांबरोबर कोर्तेझवरही काम झालं. कार्यशाळेची पद्धत अशी की निवडक प्रसंग नट घेऊन बसवायचे, साध्या व्हिडिओवर घ्यायचे, अनुभवी लोकांसमोर ते मांडायचे आणि मोडायचे. ज्या पटकथेचा जीव गैरसमजात आहे तिला हे फार उपयोगी. गैरसमज कागदावर नेहमीच नीट वाटतो. लिहिणाऱ्याला दोन्ही अर्थ माहीत असतात ना!

या गोष्टीचा सरळ क्रम कोणालाही सुचेल तो असा: फाटक, गोळी, पळापळ, पकड, खटला. तसं केलं असतं तर पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला घोडीचं कळलं असतं आणि पुढचा दीड तास तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून हळहळत राहिला असता. चित्रपट सुरू होतो तो पाठलागात. एक माणूस पळतोय आणि बरेच जण मागे आहेत. तो कोण, कसा, हे आपल्याला कळतं ते मागच्या लोकांकडून. ब्लेकली नावाचा बातमीदार (ब्रूस मॅकगिल) त्यांच्याबरोबर फिरतो, ज्याला त्याला विचारतो आणि जो तो आपापली हकिकत सांगतो. चोएट (टॉम बोवर) फाटकावरचा प्रसंग सांगतो तेव्हा पडद्यावर तो त्याच्या शब्दांप्रमाणे घडतो, आणि त्यात तो मेक्सिकन खरोखर उद्दाम दिसतो. चोएट खोटं बोलत नाही, हे पटकथेचं मोठेपण. त्याने जे ऐकलं ते तो सांगतो. लबाड दुभाषी लिहिणं सोपं होतं. आपल्याला भाषा येते अशी प्रामाणिक खात्री असलेला माणूस जास्त घातक असतो, आणि तो प्रत्येक कचेरीत एक तरी सापडतो.

तोच प्रसंग पुन्हा दिसतो तो चित्रपट उतरणीला लागल्यावर, गोंझालेसच्या तुरुंगात. वकील ॲबरनॅथी (बॅरी कॉर्बिन) अशिलाला भेटायला येतो आणि बरोबर दुभाषी म्हणून कार्लोता मुन्योस (रोझाना दे सोतो) असते. इथे पहिल्यांदा कोणीतरी ग्रेगोरिओला त्याच्या भाषेत विचारतं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतं. तो सांगतो. कार्लोताला अर्थ लागतो आणि मग तिला तो वकिलाला लावून द्यावा लागतो: यांच्याकडे घोड्याला एक शब्द आहे आणि घोडीला दुसरा. वकिलाला हे पचायला वेळ लागतो. इतका सगळा रक्तपात एवढ्यासाठी, ही गोष्ट त्याच्या इंग्रजीत मावत नाही.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा स्पॅनिशचा गंध नव्हता. पण ‘घोडा नव्हे, घोडी’ हे कळायला मला वकिलाइतका वेळ लागला नाही. मराठी प्रेक्षकाला हा फायदा आयता मिळतो.

उपशीर्षकं नाहीत

चित्रपटातल्या स्पॅनिश संवादांना उपशीर्षकं दिलेली नाहीत. पटकथेच्या आराखड्यातून हा निर्णय आपोआप निघतो. फाटकापाशी चोएट जिथे उभा होता तिथेच इंग्रजी प्रेक्षकाला उभं करायचं असेल, तर पडद्याखाली खरा अर्थ छापून कसा चालेल? प्रेक्षकाने चोएटवर विसंबलं पाहिजे, फसलं पाहिजे आणि मग आपण विसंबलो याची त्याला लाज वाटली पाहिजे. ज्याला स्पॅनिश येतं तो वेगळाच चित्रपट पाहतो. त्याला चूक पहिल्यापासून ऐकू येते आणि ओरडून सांगता येत नाही. एकाच सभागृहात शेजारी-शेजारी बसून दोघे दोन निराळ्या ताणांत असतात. एवढं कमी पैशात मिळणारं नाट्य दुसरं कुठलं?

याची दुसरी बाजूही पटकथेत आहे आणि ती मला मुख्य प्रसंगाइतकीच आवडते. पळताना उपाशी कोर्तेझला माळावर एकटा गुराखी भेटतो (विल्यम सँडरसन). तो आपल्यातलं अन्न देतो आणि बोलत सुटतो. कित्येक दिवसांत माणूस दिसलेला नाही, त्यामुळे समोरच्याला कळतंय की नाही याची त्याला पर्वाच नाही. कोर्तेझला इंग्रजी येत नाही. तो खातो, ऐकतो, पाहतो. तिथे कोणी दुभाषी नाही आणि कोणी मरतही नाही. हा प्रसंग कापा असं संकलनाच्या टेबलावर कोणी ना कोणी म्हणतंच, कारण गोष्ट त्याने इंचभरही पुढे सरकत नाही. तो ठेवला, हे चांगलं केलं.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागली आहे. एडवर्ड जेम्स ओल्मोसचा कोर्तेझ जवळजवळ शेवटपर्यंत दुरून दिसणारा, दमलेला, गप्प माणूस आहे. त्याची भाषा प्रेक्षकापासून राखून ठेवायची म्हणजे त्याचं मनही राखून ठेवावं लागतं. गाण्यातला कोर्तेझ पिस्तूल हातात घेऊन रेंजर्सना टोमणे मारतो. चित्रपटातला कोर्तेझ सशासारखा पळतो. ज्यांच्यासाठी तो ऐंशी वर्षं नायक होता त्यातल्या काहींना हे खुपलं असेल तर नवल नाही. मलाही वाटतं की मधल्या भागात पाठलाग जरा जास्त लांबतो, आणि तोंड न उघडणाऱ्या माणसाबरोबर इतके मैल काढणं जड जातं.

जागा आणि प्रदर्शन

गोंझालेसमध्ये ते न्यायालय आणि तो तुरुंग अजून उभे होते. तुरुंग १८८७ चा, न्यायालय १८९० च्या दशकातलं. कोर्तेझला जिथे कोंडलं होतं आणि जिथे उभं केलं होतं तिथेच कॅमेरा लावता आला. कलादिग्दर्शनाचा खर्च वाचतो हा भाग झालाच. पण झुंडीचा प्रसंग पाहा. कोर्तेझला बाहेर काढून फाशी द्यायला शेकडो माणसं तुरुंगावर चालून येतात आणि नवा शेरीफ फ्रँक फ्लाय (जेम्स गॅमन) दारात उभा राहतो. हे खरंच घडलं होतं. गॅमनच्या मागची भिंत नकली असती तर त्याचा तो थंडपणा इतका पटला नसता. अशा प्रसंगात वेस्टर्नमधला नायक भाषण ठोकतो. फ्लाय फारसं बोलत नाही. त्याला आत असलेल्या माणसाचं प्रेम नाही, दाराचं आहे.

पैसा टीव्हीचा, म्हणून पहिला खेळ टीव्हीचा. जून १९८२ च्या अखेरीस ‘अमेरिकन प्लेहाउस’मधून चित्रपट घरोघरी फुकट दिसला. त्यानंतर चित्रपटगृहवाल्याला तो लावायला सांगणं म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद वाटून झाल्यावर तिकिटं विकायला बसणं. तरी १९८३ साली एम्बसी पिक्चर्सने तो थिएटरांत आणला. त्यामागे ओल्मोसची धडपड मोठी होती. ‘ब्लेड रनर’मुळे चेहरा लोकांना माहीत झालेला हा नट लॉस एंजेलिसमध्ये स्वतः खेळ लावायचा आणि समाजातल्या लोकांना बोलवायचा. स्वतंत्र चित्रपटात वितरण हे निर्मितीनंतरचं काम मानलं तर हाल होतात, हे इथे स्पष्ट दिसतं. ज्या अनुदानाने चित्रपट शक्य केला, त्यानेच त्याची बारी आधी खाऊन टाकली. करार करताना टीव्हीचा खेळ वर्षभर पुढे ढकलून मागता आला असता का? कदाचित. पण पहिल्याच वर्षात असलेल्या मालिकेला कार्यक्रम हवे होते आणि निर्मात्याला पैसे आज हवे होते.

२०१८ मध्ये क्रायटेरिअन या निवडक चित्रपट बाजारात आणणाऱ्या कंपनीने नीट जतन केलेली प्रत आणली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या सरकारी यादीत, त्याची नोंद झाली. चाळीस वर्षं लागली.

जे पडद्यावर नाही

पटकथेने गाळलेलं बरंच आहे आणि बहुतेक ठिकाणी मला पटतं. तुरुंगवासात बायको लिओनोरने घटस्फोट घेतला. १९०४ मध्ये कोर्तेझने तुरुंगातच दुसरं लग्न केलं. लिंकनची मुलगी गेली ते बरंच झालं. खबऱ्या एल तेकोवर एक आख्खा चित्रपट होईल, पण तो दुसरा.

खटल्यांपैकी भर आहे तो गोंझालेसच्या पहिल्या खटल्यावर. तिथे श्नाबेलच्या खुनाबद्दल पन्नास वर्षांची शिक्षा झाली. एका ज्युरीला दोष पटतच नव्हता, म्हणून ही शिक्षा म्हणजे केलेली तडजोड होती. वरच्या न्यायालयाने १९०२ मध्ये ती रद्द केली. पण खटला एकच नव्हता. तीन मृत माणसं, वेगवेगळ्या काउंट्या, १९०१ पासून १९०४ पर्यंत फिरत राहिलेला कैदी. मॉरिसच्या खुनाबद्दल एकदा फाशीची शिक्षा झाली, तीही वरच्या न्यायालयात टिकली नाही. ग्लोव्हरच्या खुनाबद्दलची जन्मठेप मात्र टिकली, आणि १ जानेवारी १९०५ ला तो हंट्सव्हिलच्या तुरुंगात गेला. १९१३ ला सुटला, १९१६ ला वारला, अवघ्या चाळिशीत.

या सगळ्यात एप्रिल १९०४ मधला कॉर्पस क्रिस्टीचा खटला आहे. विषय मॉरिसचा खून, म्हणजे तेच फाटक, तीच घोडी. ज्युरीत सगळे गोरे शेतकरी, जनावरांत आयुष्य गेलेले. त्यांनी कोर्तेझला निर्दोष ठरवलं. घोडा आणि घोडी यातला फरक त्या बाकावरच्या माणसांना आपापसात समजावून सांगायची गरज पडली असेल का? त्या खोलीत शिरणारा चित्रपट अजून कोणी काढलेला नाही.